ऑपरेशनला आलेलं मूल कुपोषित असेल तर थांबायचं किती आणि भरवायचं कसं?

पाळीप्रमुख:

लहान मुलांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात दाखल करताना वजन घेतलं जातं, केसपेपरवर चढतं आणि पुढे फक्त औषधाच्या मात्रेसाठी वापरलं जातं. त्या आकड्यावरून मूल कुपोषित आहे का, हे कोणी बघत नाही. मग टाके उसवतात, जखम भरत नाही, व्हेंटिलेटर सुटत नाही, आणि तेव्हा कुणीतरी म्हणतं, "मुळातच अशक्त होतं". हे दाखल करतानाच कळायला हवं होतं.

मला वॉर्डात लावण्यासारखी पद्धत हवी आहे. दाखल करताना दहा मिनिटांत काय काय मोजावं, ज्याने पुढचा निर्णय खरोखर बदलेल? "वजन वाढवून आणा" असं सांगून मूल परत पाठवायचं, तर कोणाला पाठवायचं आणि कोणाला अजिबात नाही? आणि ऑपरेशनच्या आधीचा व नंतरचा उपास कमीत कमी कसा करायचा? आल्ब्युमिनचा (रक्तातल्या एका प्रथिनाचा) रिपोर्ट पाहून ठरवतात तेही बरोबर आहे का, यावरही लिहा.

---

आहारकक्ष:

चाळणी आणि मोजमाप ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही लागतात.

चाळणीसाठी स्ट्राँगकिड्स वापरा. २०१० साली नेदरलँड्समध्ये तयार झालेली चार प्रश्नांची पद्धत आहे, वजनकाटासुद्धा लागत नाही. मूल दिसायला रोडावलेलं आहे का (१ गुण). कुपोषणाचा धोका असलेला आजार किंवा मोठी शस्त्रक्रिया ठरलेली आहे का (२ गुण). गेले काही दिवस खाणं कमी झालंय, जुलाब-उलट्या चालू आहेत, दुखतंय म्हणून खात नाही, यातलं काही आहे का (१ गुण). वजन घटलंय किंवा तान्ह्या बाळाचं वाढतच नाही, असं आहे का (१ गुण). ० म्हणजे धोका कमी, १ ते ३ मध्यम, ४-५ जास्त. मोठ्या ऑपरेशनसाठी आलेल्या प्रत्येक मुलाला २ गुण आपोआप मिळतात, म्हणजे तुमच्या वॉर्डात मोठ्या ऑपरेशनचं एकही मूल "कमी धोका" गटात बसणार नाही. ते योग्यच आहे. आठवड्याने पुन्हा करा, कारण काही मुलं येताना ठीक असतात आणि वॉर्डात राहून खंगतात.

आता मोजमाप. वजन लंगोट काढून, त्याच काट्यावर, शक्यतो त्याच वेळी. तान्ह्या बाळाचा काटा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. २ वर्षांच्या आतल्या मुलाची लांबी झोपवून घ्यायची, त्यापुढे उभं करून उंची. दोन वर्षांच्या आतलं मूल उभं मोजावं लागलं तर आकड्यात ०.७ सेंमी मिळवायचे. लांबी घ्यायला दोन माणसं लागतात, एक डोकं फळीला टेकवून धरणारं आणि एक गुडघे सरळ करून पायफळी सरकवणारं. गादीवर टेपने घेतलेली लांबी दोन-दोन सेंमीने चुकते. त्यावर काढलेल्या झेड-स्कोअरला (मूल सरासरीपासून किती दूर आहे ते दाखवणारा आकडा) मग काही अर्थ राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांवर उंचीच्या मानाने वजनाचा झेड-स्कोअर उणे २ च्या खाली गेला तर कुपोषण, उणे ३ च्या खाली तीव्र कुपोषण. वयाच्या मानाने उंची उणे २ च्या खाली असेल तर ते जुनं, मुरलेलं कुपोषण. पाच वर्षांपुढे उंचीच्या मानाने वजनाऐवजी वयाच्या मानाने बीएमआय बघतात. दोन्ही पावलांवर दाबून खळगा पडत असेल, तर दुसरं कारण सापडेपर्यंत वजन काहीही असो, तीव्र कुपोषण धरायचं.

दंडाचा घेर मात्र चुकवू नका. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलात ११५ मिमीच्या खाली तीव्र, ११५ ते १२५ मध्यम. शस्त्रक्रिया वॉर्डात तर तो वजनापेक्षा भरवशाचा, कारण इथलं वजन बऱ्याचदा खोटं असतं. पोटात मोठी गाठ असलेल्या मुलाचं वजन तक्त्यावर बरोबर बसतं आणि गाठ काढल्यावर कळतं की खालचं मूल हाडाचा सापळा आहे. पोटात पाणी, डोक्यात पाणी, पायाला प्लास्टर, भरलेली स्टोमाची (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाची) पिशवी, सगळीकडे हेच. दंडावर गाठही येत नाही, पाणीही सहसा साचत नाही. डावा दंड, खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या मधोमध, हात सैल सोडलेला, पट्टी कातडीला टेकेल पण कातडी चेपणार नाही इतकीच आवळलेली.

आल्ब्युमिनबद्दल स्पष्ट लिहिते: पोषण मोजायला ते वापरू नका. रक्तातलं अर्धं आल्ब्युमिन जायला जवळजवळ २० दिवस लागतात, म्हणजे खाण्यातला बदल त्यात उशिरा दिसतो. उलट जंतुसंसर्ग झाला किंवा ऑपरेशन झालं, की ते रक्तवाहिन्यांबाहेर झिरपून एका दिवसात खाली येतं. केवळ उपासमारीने सुकलेल्या मुलात ते चक्क नॉर्मल असू शकतं. कमी आल्ब्युमिन ही धोक्याची खूण आहे, हे खरं. पण ती आजाराच्या जोराची खूण आहे. बाटलीतून आल्ब्युमिन चढवून पोषण सुधारत नाही.

---

टाकागाठ:

थांबण्याचा प्रश्न मी घेतो.

सगळ्यात आधी विचारायचं: हे मूल वाळलंय ते कशामुळे? ज्या आजाराचं ऑपरेशन करायचंय त्याचमुळे वाळलं असेल, तर थांबून वजन वाढणार नाही. हृदयातल्या पडद्याला मोठं छिद्र असलेलं बाळ घ्या. दूध ओढताना दमतं, घामाघूम होतं, अर्ध्यात सोडतं, आणि हृदय-फुप्फुसांच्या ओढाताणीत ऊर्जा जास्त जाळतं. त्याला "५ किलो करून आणा" म्हणून परत पाठवलं, तर तीन महिन्यांनी ते त्याच वजनाचं आणि जास्त खराब फुप्फुसांचं होऊन येतं. अशा बाळांना नळीने, घट्ट केलेलं दूध, १२० ते १५० किलोकॅलरी प्रति किलो देत जितकं सुधारेल तितकं सुधारायचं, पण तारीख वजनावर टांगून ठेवायची नाही. ऑपरेशन हाच तिथे पोषणाचा मुख्य उपचार आहे.

पित्तनलिका बंद असलेल्या बाळाचं ऑपरेशन ६० दिवसांच्या आत झालेलं चांगलं, तिथे वजनासाठी एक आठवडाही घालवू नये. फक्त आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) पाहून व्हिटॅमिन के आधी द्या, पित्त आतड्यात उतरत नसल्याने ते शोषलं गेलेलं नसतं. जठराचं तोंड आवळलेलं, उलट्या करकरून आलेलं बाळ दिसायला भयंकर सुकलेलं असतं. त्याचं वजन नव्हे, रक्तातलं क्लोराइड आणि बायकार्बोनेट आधी दुरुस्त करायचं. ते जागेवर आलं की ऑपरेशन, आणि काही तासांत दूध. आतडं अडकणं, पीळ पडणं यात प्रश्नच उद्भवत नाही.

मग थांबायचं कुठे? ठरवून करायचं मोठं ऑपरेशन, आजार स्थिर, आणि मूल उणे ३ च्या खाली किंवा पायावर सूज. स्टोमा बंद करणं, मोठ्या आतड्याची दुरुस्ती, अन्ननलिका बदलणं, टाळू शिवणं. इथे घाई केली तर जोड सुटतो. कारण जोड धरून ठेवणारं कोलॅजन बनवायला प्रथिनं, जस्त आणि व्हिटॅमिन सी लागतात, आणि हे मूल आधीच स्वतःचे स्नायू मोडून जगत असतं. श्वासाचा पडदाही स्नायूच आहे, म्हणून व्हेंटिलेटर सुटत नाही.

किती थांबायचं? मोठ्यांच्या शस्त्रक्रियेत ७ ते १४ दिवसांची तयारी करतात, तोच आडाखा मुलांनाही लावला जातो आणि बऱ्यापैकी पुरतो. पण दिवस मोजण्यापेक्षा वाढ मोजा. तीव्र कुपोषित मूल स्थिर झाल्यावर दिवसाला किलोमागे १० ग्रॅमच्या वर वाढलं तर उत्तम, ५ ते १० ठीक, ५ च्या खाली असेल तर काहीतरी बिघडलंय: फीड खरंच पोटात जात नाही, लपलेला संसर्ग आहे, किंवा मूळ आजारच आड येतोय. उणे १ गाठायची वाट बघू नका. भूक परतली, सूज उतरली, वजन सलग वर चाललंय आणि संसर्ग नाही, एवढ्यावर घ्यायला हरकत नाही. शरीर बांधणीच्या बाजूला वळणं महत्त्वाचं, आकडा पूर्ण भरणं नव्हे.

एक तक्रार मात्र करतोच. "वजन वाढवून आणा" एवढंच सांगून मूल घरी पाठवणं हा उपचार नाही. किती किलोकॅलरी, कशातून, दिवसातून किती वेळा, आणि पुढच्या कोणत्या तारखेला वजन, हे लिहून दिल्याशिवाय पाठवायचं असेल तर त्यापेक्षा दाखल ठेवा.

---

भूलटेबल:

उपासाबद्दल. "रात्री बारानंतर काही नाही" ही सूचना वॉर्डाच्या पाट्यांवरून काढून टाका. मूल रात्री आठला जेवतं, यादीत तिसरं असतं, नंबर दुपारी एकला लागतो. १७ तास झाले. यादी सरकून केस रद्द झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोट सुरक्षितपणे रिकामं व्हायला एवढे तास लागत नाहीत.

युरोपियन भूलतज्ज्ञ संघटनेने २०२२ मध्ये दिलेले आकडे: जड अन्न ६ तास, पावडरचं दूध ४, आईचं दूध ३, स्वच्छ द्रव १ तास. अमेरिकन पद्धतीत स्वच्छ द्रवाला २ तास, आईच्या दुधाला ४, पावडरच्या दुधाला आणि हलक्या खाण्याला ६, तळलेल्या-तुपकट जेवणाला ८. तुमच्या विभागाने कोणतीही एक घ्यावी, पण लेखी घ्यावी. स्वच्छ द्रव म्हणजे पाणी, साखरपाणी, गाळलेला चोथाविरहित रस. दूध घातलेलं काहीही यात मोडत नाही. मात्रा किलोमागे ३ मिलीपर्यंत. अन्ननलिकेचा किंवा जठराचा आजार, आतड्याचा अडथळा, तातडीची केस यांना हे वेळापत्रक लागू नाही, तिथे भूलतज्ज्ञ सांगतील ते.

हे चालण्यासाठी एक माणूस नेमा, जो ओटीशी (ऑपरेशन थिएटरशी) फोनवर बोलेल. यादी सरकली की लगेच वॉर्डाला कळवायचं, "तिसरा नंबर अजून दोन तास आहे, आता साखरपाणी द्या". नुसता कागदावरचा नियम यादी सरकली की कोलमडतो. आणि कुपोषित मुलांना यादीत पहिलं ठेवा. त्यांच्या यकृतात ग्लायकोजेनचा (राखीव साखरेचा) साठा नसल्यासारखाच असतो, रक्तातली साखर डेसिलिटरला ५४ मिग्रॅच्या खाली जायला फार वेळ लागत नाही, आणि भुलेखाली ते कळत नाही. ओटीत नेताना एकदा आणि मध्ये पुन्हा साखर तपासा. खोली आधीच गरम करा, कातडीखाली चरबी नसलेलं मूल झपाट्याने गार पडतं.

औषधांच्या मात्रा नेहमी मोजलेल्या वजनावर. वयावरून वजन काढायचं सूत्र, वयात ४ मिळवून दुप्पट, चार वर्षांच्या मुलाला १६ किलो देतं. ते खरं ११ किलोचं असेल तर प्रत्येक औषध ४५ टक्के जास्त गेलं. पॅरासिटामॉलची कमाल मात्रा दिवसेंदिवस चालू ठेवू नका. ते निष्प्रभ करायला लागणारं ग्लुटाथायॉन या मुलांच्या यकृतात कमी असतं.

ऑपरेशन संपल्यावर: पोटाचं नसेल तर मूल जागं होऊन मागेल तेव्हा प्यायला द्या, मागत नसेल तर बळजबरी नको, ओकेल.

---

पाळीप्रमुख:

फार उपयोगाचं लिहिलंत सगळ्यांनी. दोन गोष्टी अजून अडतात. पोटाच्या ऑपरेशननंतर "आवाज आले का, शौचाला झाली का" याची वाट बघत तीन-चार दिवस तोंड बंद असतं, आणि नातेवाइकांना सांगितलं जातं की सलाईन चालू आहे, काळजी नको. आणि उलट बाजूने भीती अशी की एकदम भरवलं तर रीफीडिंग (उपाशी शरीराला अचानक अन्न मिळून रक्तातले क्षार घसरणं) होईल. या दोन्हीच्या मध्ये नेमकं कुठे उभं राहायचं?

---

आहारकक्ष:

सलाईनचं गणित एकदा मांडून भिंतीवर लावा. १० किलोच्या मुलाला दिवसाला १००० मिली, ५ टक्के डेक्स्ट्रोजचं. त्यात ५० ग्रॅम साखर, ग्रॅममागे ३.४ किलोकॅलरी, म्हणजे १७०. शोफिल्डच्या सूत्राने तीन वर्षांच्या आतल्या मुलग्याची नुसती पडून राहायची गरज म्हणजे वजन गुणिले ५९.५, वजा ३०: इथे ५६५ किलोकॅलरी. सलाईन त्याचा तिसरा हिस्साही देत नाही. प्रथिनं शून्य. या वयाला ऑपरेशननंतर किलोमागे २ ते ३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तीन दिवसांत किमान ६० ग्रॅम तूट पडली, आणि ती शरीराने स्नायूंतून भरून काढली. सलाईन पाणी आणि क्षार देतं. तेवढंच.

आवाज आणि शौचाची वाट बघायची गरज नाही. लहान आतडं ऑपरेशननंतर २४ तासांच्या आत हलायला लागतं, जठर एक-दोन दिवसांत, मोठं आतडं दोन-तीन दिवसांत. शौच होते ती शेवटी. आतड्याचा जोड असला तरी बहुतेक मुलांना २४ ते ४८ तासांत थोडं थोडं सुरू करता येतं. सर्जनना काही खास कारण असेल तर ते त्यांनी केसपेपरवर लिहावं. थांबायची कारणं ठरलेली: हिरवी उलटी किंवा नळीतून हिरवं येणं, पोट ताणत जाणं, वारंवार ओकणं.

किती द्यायचं, याबाबत एक गैरसमज आहे की ऑपरेशननंतर ऊर्जेची गरज खूप वाढते. तान्ह्या बाळात ती थोडीच वाढते आणि साधारण १२ ते २४ तासांत मूळ पातळीला येते. त्या काळात वाढही थांबलेली असते. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत विश्रांतीच्या गरजेइतकं गाठणं पुरे, त्यावर ओतलेलं यकृतात चरबी आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड होऊन बसतं. प्रथिनं मात्र पहिल्यापासून पूर्ण. भरपाई नंतर करायची. तिचं सूत्र असं: वयाप्रमाणे लागणारी किलोमागची ऊर्जा गुणिले उंचीनुसार असायला हवं ते वजन, भागिले आजचं वजन. ७ किलोचं मूल, ९ असायला हवं, किलोमागे १०० धरले, तर १२९. म्हणजे दिवसाला ९०० किलोकॅलरी. साध्या दुधात १०० मिलीला ६७ च्या आसपास असतात, १३४० मिली लागतील आणि एवढं या पोटात मावणार नाही. म्हणून फीड घट्ट करावं लागतं, मिलीला १ किलोकॅलरीपर्यंत, पण टप्प्याटप्प्याने, नाहीतर जुलाब. पावडरचा जास्तीचा चमचा अंदाजाने टाकून घट्ट करू नका, क्षारही तितकेच वाढतात आणि ते मूत्रपिंडाला झेपावे लागतात. ५ मिली तेलात ४० च्या आसपास किलोकॅलरी असतात, पण नुसतं तेल वाढवलं तर प्रथिनांचं प्रमाण पडतं. दोन्ही मोजून.

आता रीफीडिंग. उपाशी शरीर चरबीवर चाललेलं असतं. साखर आली की इन्सुलिन वाढतं आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढलं जातं. थायमिन (व्हिटॅमिन बी१) संपतं. हृदय आणि श्वास दोन्ही अडचणीत येतात. पहिले पाच दिवस धोक्याचे. यावर उपाय उपाशी ठेवणं नव्हे. लक्ष्याच्या ४० ते ५० टक्क्यांवर सुरू करा, थायमिन किलोमागे २ मिग्रॅ (कमाल १०० ते २००) साखरेच्या आधी द्या आणि ५ ते ७ दिवस चालू ठेवा, तिन्ही क्षार पहिले तीन दिवस १२ तासांनी तपासा. १० टक्क्यांहून जास्त घसरण झाली की ती रीफीडिंगची सुरुवात समजायची, आकडा अजून नॉर्मल असला तरी.

दोन ठिकाणी नजर चुकते. पहिलं, शिरेतलं डेक्स्ट्रोज हेही भरवणंच आहे. १० टक्क्यांचं सलाईन तासाला किलोमागे ४ मिलीने चालवलं तर ते मिनिटाला किलोमागे ६.७ मिग्रॅ साखर होते. धोक्याच्या मुलात सुरुवात ४ ते ६ वर हवी. तोंडाने एक थेंब गेला नाही म्हणून रीफीडिंग होणार नाही, असं नाही. दुसरं, फॉस्फेटचा रिपोर्ट. कागदावर छापलेली मर्यादा अनेकदा प्रौढांची असते, डेसिलिटरला २.५ ते ४.५ मिग्रॅ. तान्ह्या बाळाचं फॉस्फेट मुळातच त्याहून बरंच वर असतं. त्याचं ३ आलं तर कागद "नॉर्मल" म्हणतो आणि बाळ खोल खड्ड्यात असतं.

पायावर सूज असलेलं किंवा फारच वाळलेलं मूल असेल तर एफ-७५ ने (तीव्र कुपोषणातलं सुरुवातीचं कमी ऊर्जेचं तयार दूध) सुरू करा, दिवसाला किलोमागे १३० मिली (सूज जास्त असेल तर १००), दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. लोह या टप्प्यात नाही. एफ-१०० (त्याहून जास्त ऊर्जेचं दूध) भूक परतल्यावर.

---

टाकागाठ:

याला जोडून शिरेतून पूर्ण पोषण देण्याबद्दल. "खात नाही ना, मग टीपीएन लावा" ही सवय झाली आहे. २०१६ च्या पेपॅनिक चाचणीत बेल्जियम, नेदरलँड्स आणि कॅनडातल्या अतिदक्षता विभागांतली १४४० मुलं होती. पहिल्या २४ तासांत टीपीएन सुरू केलेल्या गटात नवे संसर्ग १८.५ टक्के, आठवडाभर थांबलेल्या गटात १०.७ टक्के, आणि दुसरा गट आयसीयूतून लवकर बाहेर पडला. याचा अर्थ सगळ्यांना आठवडा उपाशी ठेवा असा काढू नये. आतडं चालत असेल तर आतडंच वापरायचं. ते खरोखर बंद असेल, मूल आधीच खंगलेलं असेल किंवा नवजात असेल, तर प्रत्येकाचा निर्णय वेगळा आणि वरिष्ठांनी बसून घ्यायचा.

---

रात्रपाळी:

फीड कागदावर ९०० आणि पोटात ५५० असं का होतं, ते बघा. एक्स-रेला नेलं, बंद. ड्रेसिंग, बंद. नळी तुंबली, बंद. औषध द्यायचं, बंद. प्रत्येक वेळी पुन्हा सुरू होतं ते जुन्याच गतीने, आणि गेलेले तास कोणी भरून काढत नाही. म्हणून तासाची गती लिहू नका, २४ तासांचा कोटा लिहा. ८४० मिलीचा कोटा, तासाला ३५. सहा तास बंद राहिलं तर उरलेल्या १८ तासांना तासाला ४७ पडतात. कमाल गती डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, उदाहरणार्थ ठरलेल्या गतीच्या दीडपट, म्हणजे रात्री फोन करावा लागत नाही.

नळीची लांबी नाकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाचं टोक व बेंबी यांच्या मधोमध. नाकाशी खूण करा आणि प्रत्येक फीडआधी ती खूण बघा. ओढून काढलेल्या रसाचा पीएच ५.५ किंवा कमी असेल तरच सुरू. ॲसिडिटीचं औषध चालू असेल तर पीएच वर जातो, मग शंका राहिली तर एक्स-रे. नुसती हवा सोडून पोटावर आवाज ऐकणं ही खात्री नव्हे, श्वासनलिकेत गेलेल्या नळीचाही आवाज पोटावर ऐकू येतो. औषधानंतर लहान बाळाला २-३ मिली, मोठ्याला ५ ते १० मिली पाण्याने नळी धुवा. बहुतेक नळ्या चुरलेल्या गोळ्यांनीच तुंबतात.

पंपावर काढून ठेवलेलं आईचं दूध चालवत असाल तर सिरिंज आडवी ठेवू नका. दुधातली चरबी वर तरंगते, सिरिंजच्या वरच्या भिंतीला आणि लांब नळीला चिकटते, आणि बाळाला पातळ दूध जातं. संपल्यावर सिरिंजच्या आत पिवळट कडं दिसतं ना, तेच वजन वाढवणारं दूध. सिरिंजचं तोंड वर राहील अशी तिरकी लावा म्हणजे चरबी आधी जाते, नळी आखूड घ्या, आणि पोट सोसत असेल तर पंपाऐवजी थोड्या थोड्या वेळाने हाताने द्या. लटकवलेलं दूध किंवा कालवलेली पावडर चार तासांवर ठेवू नका.

तोंडाने खाणाऱ्यांच्या चार्टवर "बरं खाल्लं" लिहू नका. ताटातलं पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण, एवढं तरी. आणि ताट कोणी खाल्लं तेही बघा, शेजारी बसलेल्या भावंडाने संपवलेलं ताटही रिकामंच दिसतं.

---

पाळीप्रमुख:

शेवटचा एक प्रश्न. आतडं पोटावर काढलेलं चार महिन्यांचं बाळ, वजन ४ किलो. फीड किलोमागे १४० किलोकॅलरीपर्यंत नेलं आहे, ओकत नाही, संसर्ग नाही, रक्तातलं सोडियम १३६. तरी वजन दहा दिवस तिथेच. फीड अजून वाढवायचं का?

---

टाकागाठ:

नाही. आधी लघवीतलं सोडियम पाठवा.

लहान आतड्याच्या स्टोमातून सोडियम सतत वाहून जातं. शरीर ते मूत्रपिंडात दाबून धरतं, म्हणून रक्तातला आकडा शेवटपर्यंत नॉर्मल दिसतो. पण सोडियमशिवाय पेशींची वाढ होत नाही, मग कितीही कॅलरी ओता. लघवीचं सोडियम लिटरला २० मिलिमोलच्या खाली आलं तर निदान झालंच समजा. २० ते ३० असेल तरी देऊन बघण्यासारखं. दिवसाला किलोमागे २ ते ४ मिलिमोल सोडियम क्लोराइड फीडमध्ये विभागून वाढवा, दोन-तीन दिवसांनी लघवी पुन्हा तपासा, ३० च्या वर येईपर्यंत वाढवत न्या. लघवी वाढवणारं औषध चालू असेल तर हा आकडा फसवा ठरतो, ते लक्षात असू द्या.

सोबत पिशवीतलं मोजा. दिवसाला किलोमागे २० मिलीच्या वर म्हणजे जास्त, तुमच्या बाळासाठी ८० मिली. पिशवी गळत असेल तर कपडा आधी आणि नंतर वजन करून, १ ग्रॅमला १ मिली धरा. जास्त जात असेल तर वरून साधं पाणी देऊ नका, आतडं त्यात सोडियम सोडतं आणि गळती वाढते. त्याऐवजी ओआरएस, त्यात लिटरला ७५ मिलिमोल सोडियम आहे. जस्तही याच वाटेने जातं, ते सुरू करा. आणि खालचं आतडं मोकळं असल्याची क्ष-किरणांत खात्री झालेली असेल, तर वरच्या तोंडातून आलेलं ताजं द्रव खालच्या तोंडात हळूहळू सोडता येतं. गेलेले क्षार आणि पाणी त्याने परत मिळतात, आणि पुढे जोड घालायच्या वेळी खालचं आतडं आक्रसलेलं राहत नाही.